राणीची हजेरी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण कुठून सुरू करावं, तेच कळत नाही.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी खुटबावजवळ ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्यांशेजारी पाळणाघर चालवायचे. संस्था शिरूरकडची. दूध, खाऊ, माझं मानधन — बहुतेक पैसा सरकारचा; थोडा वाटा संस्थेनं पदरचा घालायचा, असा नियम. तो वाटा कधी आलाच नाही. मी पूर्ण मानधनावर सही करायचे आणि निम्मंच घरी न्यायचे. उरलेलं माझी देणगी म्हणून संस्थेच्या वाट्यात दाखवलं जायचं. मला कळत होतं का? कळत होतं.

दूध संपलं की संस्थेचे आप्पा म्हणायचे, "दोन दिवस बंद ठेव. हजेरी मात्र भर." मी भरायचे. त्यात कुणाचं काय बिघडतंय — असं वाटायचं.

बीडकडची कमल तिच्या दोन वर्षांच्या राणीला रोज माझ्याकडे सोडायची. दूध संपवलं की राणी पेला उलटा करून दाखवायची.

त्या मंगळवारी मी कुलूप घातलं आणि दौंडला गेले, माझ्या लग्नाचा चुडा भरायला. कोप्यांवर कुणाला सांगितलंही नाही. कमल आली, कुलूप बघितलं, पोरीला घेऊन उसाच्या फडात गेली. तिथं बैलगाडीच्या सावलीत तिला निजवलं. भरलेली गाडी हलली तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही — राणी चाकाखाली गेली.

मी परतले, तोवर सगळं संपलं होतं. आणि मी पहिलं काय केलं? रजिस्टर उघडलं. राणीच्या नावापुढं मंगळवारचा 'ह' आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता. तो ब्लेडनं खरवडला, 'गै' लिहिलं.

चौकशीला साहेब आले. कमल समोर जमिनीवर बसली होती.

"बाई, कुलूप व्हतं ना वो?"

"न्हाई. उघडंच होतं. तुम्हीच आणलं न्हाई तिला."

ती माझ्याकडं बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर — पण ती हळूच म्हणाली, "मग मलाच नीट दिसलं नसंल. मुकादमाची घाई व्हती." तिचा नवरा सगळ्यांदेखत तिला नको नको ते बोलला. मी खरं बोलले असते तर काय झालं असतं? नोकरी गेली असती. एवढंच.

पुढच्या हंगामात कमल पुन्हा आली, कडेवर तीन महिन्यांचं पोर घेऊन. मी सातला पोचायचे. ती उजाडायच्या आधीपासून पायरीवर बसलेली. टोळीतली माणसं हाका मारून पुढं गेली होती.

"आता न्हाई चुकायची म्या, बाई," ती म्हणाली आणि पोर माझ्या हातात दिलं.

मी घेतलं. तिला खरं सांगितलं नाही — तेव्हाही नाही, नंतरही नाही.