चाचांचे कान, माझे कान

रेकॉर्डींचं पोतं मला कळमनुरीच्या एका भंगारवाल्याकडं दिसलं. मी घरच्या फुटक्या बादल्या आणि कूलरचा गंजलेला पत्रा द्यायला गेलो होतो. वजनकाट्याच्या मागं पोत्यात काळ्या तबकड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. कुठल्यातरी बंद पडलेल्या लाऊडस्पीकरवाल्याच्या माळ्यावरून आल्या होत्या म्हणे. सनई, भजनं, कव्वाल्या, थोडी नाटकातली पदं. काहींना कव्हर होतं, काहींना नुसतं वर्तमानपत्र गुंडाळलेलं. मी भंगाराचे पैसे न घेता ते पोतंच गाडीवर टाकून घरी आणलं.

लहानपणी डोंगरकडा गावात आमच्या घराला लागून लग्नाचे लाऊडस्पीकर भाड्यानं देणाऱ्या एकाची खोली होती. लग्नसराई संपली की तो एकेक रेकॉर्ड ओल्या फडक्यानं पुसायचा आणि लावून बघायचा. मी त्याच्या उंबऱ्यावर बसून राहायचो. सुई टेकल्यावर गाणं सुरू व्हायच्या आधी जी बारीक खरखर येते, ती मला गाण्याइतकीच आवडायची. पन्नाशी उलटल्यावर ती आपल्या घरात ऐकावी असं वाटलं, दुसरं काही नाही.

बायकोनं पोतं बघितलं आणि विचारलं, वाजवायचं कशावर? मी म्हणालो, जमवू. घरखर्चाला हात लावायचा नाही, एवढी एकच अट तिनं घातली.

मी हिंगोलीजवळ हळदीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. शिजवून वाळवलेली हळद लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. तिची साल घासून निघते आणि मग ती बाजारात नेण्याजोगी पिवळी दिसते. सव्वीस वर्षं मी त्या ड्रमांपाशी उभा आहे. तिथं माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागतं. अट पाळायची म्हणून त्या उन्हाळ्यात मी हंगामभर जादा पाळ्या घेतल्या. सकाळची पाळी संपली की डबा खायचा आणि पुन्हा ड्रमापाशी जायचं.

प्लेअर नांदेडला मिळाला. घर बदलणाऱ्या एका कुटुंबानं मोबाइलवर जाहिरात टाकली होती. आतला रबरी पट्टा सैल पडला होता, सुई झिजलेली होती, म्हणून स्वस्तात सुटला. एसटीत मी तो मांडीवर घेऊन आलो. घरी आल्यावर गेलो चाचांकडं.

बाजारगल्लीत चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. वय सत्तरीच्या पुढं. हल्ली त्यांच्याकडं मिक्सर, टॉर्च आणि चार्जर येतात, पण प्लेअर समोर ठेवल्यावर त्यांनी हातातलं मिक्सरचं भांडं बाजूला सारलं आणि हात पुसले. रेकॉर्ड ठेवायचं ताट बोटानं हळूच फिरवून पाहिलं आणि म्हणाले, याची तकलीफ थोडीच हाय, बसवून देतो. अँप्लिफायर नवा घेण्याची माझी ऐपत नव्हती. तोही त्यांनीच बांधला. एका भजनी मंडळाच्या जळालेल्या अँप्लिफायरमधला ट्रान्सफॉर्मर चांगला निघाला होता. बाकीचे भाग त्यांच्याच डब्यांतले. स्पीकर जुन्या बाजारातले, कडेला फाटलेले. चाचांनी कडांना पातळ चामड्याची पट्टी चिकटवली. खोकी सुताराकडून उरलेल्या फळ्यांची करून घेतली आणि आत गादीवाल्याकडचा कापूस भरला. महिनाभर रोज कारखान्यातून सुटलो की मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसायचो. ते काम करत, मी बघत असे. इतका सुखाचा महिना बऱ्याच दिवसांत गेला नव्हता.

घरी शहाबादी फरशीचा तुकडा ठेवून त्यावर प्लेअर मांडला. वाटीत पाणी घेऊन तो सपाट बसला का तेही पाहिलं. सनईची रेकॉर्ड लावली आणि सुई टेकवली.

खरखर आलीच नाही. सनई आली, पण कुणी रजईच्या आत बसून वाजवावी तशी. मी आवाज वाढवला. ती मोठी झाली, मोकळी काही झाली नाही. बायको दारात उभी होती. चांगलं वाजतंय की, असं म्हणून ती आत गेली. मला वाटलं, तिला यातलं काय कळतंय.

आधी मी सुईला दोष दिला. नवी सुई मागवली, ती यायला दोन आठवडे लागले. फरक नाही. मग मी अँप्लिफायर चादरीत बांधून चाचांकडं नेला. त्यांनी स्वतःच्या स्पीकरला जोडून ऐकलं आणि बराबर आहे म्हणाले. तरी माझ्या समाधानासाठी चार भाग बदलून दिले, पैसे घेतले नाहीत. घरी आणला, पुन्हा तेच. पुन्हा नेला. पुन्हा त्यांनी कान लावून ऐकलं, पुन्हा बराबर म्हणाले. आता माझ्या डोक्यात बसलं की चाचांनी डब्यातला जुनाट माल घालून मला फसवलं आहे. ड्रमापाशी उभा असतानासुद्धा मी तेच घोकत होतो. एवढ्या जादा पाळ्या केल्या त्या याच्यासाठी का, असं सारखं मनात यायचं.

तिसऱ्यांदा गेलो तो बाजाराचा दिवस होता. दुकानापुढं तीन-चार गिऱ्हाइकं उभी होती, शेजारचा कापडवाला होता, समोरचा चहावाला होता. चाचांनी पुन्हा अँप्लिफायर लावला, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, भाऊ, आवाज साफ येऊन राहिला.

"तुमचे कानच गेले आता, चाचा," मी म्हणालो. "ऐकू येत न्हाई तर दुकान कशाला उघडं ठेवता?"

मला ड्रमापाशी मोठ्यानं बोलायची सवय. सगळ्या गल्लीनं ऐकलं असणार. कापडवाल्यानं मान खाली घातली. चाचांनी तारा सोडवल्या, अँप्लिफायर माझ्याच चादरीत नीट बांधला, गाठ मारली आणि माझ्याकडं सरकवला. मग पुढच्या गिऱ्हाइकाचा टॉर्च हातात घेतला.

त्यानंतर मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. प्लेअरवर कापड टाकून ठेवलं.

दिवाळीला मुलगी आली. ती नांदेडला फार्मसीला आहे. कापड काढून तिनं स्वतःच सनईची रेकॉर्ड लावली आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी खुर्चीत होतो. हा चाचांनी केलेला गोंधळ आहे, मेलेला आवाज, असं मी तिला सांगत होतो. तिनं मला हातानं गप्प केलं.

"पप्पा, मागं कुणीतरी झांज वाजवतंय. किती नाजूक."

मी म्हणालो, झांज कुठं आहे? ती हसली. चेष्टा करतोय असं तिला वाटलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं. ती उठली, खुर्चीजवळ येऊन बसली आणि सुई परत सुरुवातीला नेली. "जिथं वाजंल तिथं मी बोट लावते," असं म्हणून तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

सनई सुरू झाली. तिचं बोट पडू लागलं. एक, एक, मग दोन लागोपाठ, मग थोडं थांबून पुन्हा एक. मी जीव गोळा करून ऐकत होतो. जिथं बोट पडत होतं तिथं मला काहीही ऐकू येत नव्हतं. रेकॉर्डची ती बाजू संपेपर्यंत तिनं बोट थांबवलं नाही, आणि मीही तिला थांब म्हणालो नाही. मग तिनं विचारलं, खरखर तरी येते का? मी नाही म्हणून मान हलवली. ती म्हणाली, भरपूर आहे, पप्पा, सारखी येतेय.

बायको दारात पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. तिनं सांगितलं की कुकरची शिट्टी मी दोन वर्षांपासून ऐकत नाही. मोबाइल वाजला तरी ती मला खूण करून सांगते. मला वाटायचं की माझं लक्ष नसतं. तिलाही तसंच वाटायचं.

सुट्टी संपण्याआधी मुलीनं मला कान तपासायला नांदेडला नेलं. काचेच्या छोट्या खोलीत कानावर पट्टा लावून बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. बराच वेळ मला कसलाच आवाज आला नाही. मला वाटलं, तपासणी अजून सुरूच झाली नसेल. बाहेर आल्यावर तिथल्या बाईंनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. बारीक, वरचे आवाज गेलेत, ते परत येत नसतात, आणि मशीनजवळ कान झाकून उभे राहा नाहीतर उरलेलेही जातील, असं त्या म्हणाल्या. कानातलं यंत्र घेण्याची आमची ऐपत नव्हती. कागद घडी करून खिशात ठेवला. परतीच्या एसटीत मला चाचांशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्ली रिकामी बघून मी दुकानात गेलो. तो कागद चाचांपुढं ठेवला. माझेच कान गेलेत चाचा, तुमचं काम बराबर होतं, मला माफ करा, असं कसंबसं म्हणालो. त्यांनी चष्मा लावून ती रेघ बराच वेळ पाहिली.

"चार महिने मी सुनेला बोलावून काम करून राहिलो," ते म्हणाले. "रेडिओ लागला का बराबर, तू ऐक म्हणून. माझ्या कानावर माझाच भरोसा न्हाई राहिला."

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"तुमी बोलले तवा चार लोक होते, भाऊ. आज एकटे आले."

मी मान डोलावून उठलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, त्यांचं बरोबर आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी रजा टाकली. दुकानापुढं गर्दी झाल्यावर गेलो. त्या दिवशीची सगळी गिऱ्हाइकं कुठून असणार, पण कापडवाला होता, चहावाला होता, गावाकडचे काही लोक होते. मी नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणालो की मी चाचांना बहिरं म्हणालो होतो, पण बहिरा मी आहे, नांदेडला तपासून आलो आहे, चाचांनी केलेला अँप्लिफायर एक नंबर आहे. लोक बघत राहिले. एक जण हसला. कापडवाला म्हणाला, बरं झालं बोललात. चाचांनी मान वर केली नाही, पण त्यांचा हात थांबलेला होता. थोड्या वेळानं त्यांनी चहावाल्याला दोन बोटं दाखवली. चहा आला, आम्ही तो प्यालो. बोलणं फक्त स्पीकरच्या चामड्याबद्दल झालं, ते टिकलं का म्हणून.

आमचं पहिल्यासारखं झालं असं मी म्हणणार नाही. एकदा घरी येऊन ऐका असं मी त्यांना दोनदा सांगितलं. बघू म्हणाले. अजून आलेले नाहीत. दुकानात मात्र आता स्वतःच ऐकून काम देतात, सुनेला बोलावत नाहीत, हे मला चहावाल्यानं सांगितलं.

कारखान्यात मी कानात आवाज अडवणारी रबरी बोंडं घालून उभा राहतो. बाकीच्यांना सांगितलं तर ते हसतात. सव्वीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

रविवारी मी रेकॉर्ड लावतो. जे उरलंय ते ऐकतो: ढोलकी, खालच्या पट्टीतले आवाज, पेटी. बायको जवळ बसून धान्य निवडते. कधी मी विचारतो, आता काय वाजतंय? ती जरा ऐकते आणि तिच्या शब्दांत सांगते. तेलात मोहरी तडतडते तसं काहीतरी, म्हणते, किंवा लेकराच्या पायातला वाळा. मी ऐकतो तिचं. काही दिवस ती दमलेली असते, तेव्हा मी विचारत नाही.