शुद्ध शिव्या

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे वेलांटीकाका म्हणत. काका मुद्रितशोधक. छापायला निघालेला मजकूर त्यांच्या तांबड्या पेनाखालून गेल्याशिवाय सुटत नसे. घरीसुद्धा बायकोने फ्रिजवर ‘दुध संपलं’ अशी चिठ्ठी लावली, तर काका आधी उकार दीर्घ करत आणि मग पिशवी घेऊन निघत.

पुढे वर्तमानपत्राची वेबसाइट झाली. मुद्रितशोधकांचं टेबल उचललं गेलं आणि काकांना वाचकांच्या प्रतिक्रिया तपासायला बसवलं. जोडीला शुद्धलेखनावर एक ब्लॉग मिळाला. जन्मभर दुसऱ्यांचं निस्तरलं, आता स्वतःच्या नावाने चार ओळी! काकांचा जीव त्या ब्लॉगमध्ये अडकला.

पण तिकडे काळं कुत्रंही फिरकेना. केसगळतीवरच्या ब्लॉगखाली माणसं एकमेकांच्या उरावर बसत होती. काकांच्या ‘ऱ्हस्व की दीर्घ?’खाली मात्र सामसूम.

“काका, वरून आलंय,” संपादकबाई म्हणाल्या. “महिनाअखेरपर्यंत वाचक बोलले नाहीत, तर तुमचा ब्लॉग बंद.”

एवढ्या प्रतिक्रिया चाळून काकांना एक कळलं होतं: कौतुकाला कोणी उत्तर देत नाही, शिवीला गाव धावतं. त्यांनी दार लोटलं, ‘रोखठोक’ असं नाव घेतलं आणि स्वतःलाच लिहिलं: ‘मूर्ख माणसा, तुझी विद्वत्ता चुलीत घाल! वेलांट्या मोजून कुणाचं पोट भरलंय?’ मग खुर्चीत नीट बसून त्यांनी ती प्रतिक्रिया तपासली आणि मंजूर केली.

सकाळी पाहतात तो काय, रान पेटलेलं! कोणी काकांची बाजू घेतली, कोणी रोखठोकची, आणि एकाने मध्येच सोसायटीतल्या पार्किंगचं गाऱ्हाणं घातलं. काकांना गुदगुल्या झाल्या. ते रोज स्वतःला नवी शिवी देऊ लागले.

आठवड्याभरात संपादकबाईंनी बोलावलं. “काका, हा रोखठोक कोण हो?”

“असेल कोणी माथेफिरू.”

“माथेफिरू खरा, पण ‘मूर्ख’मधला ऊ दीर्घ लिहितो. ‘विद्वत्ता’ला दोन त देतो. शिवी देताना स्वल्पविरामसुद्धा चुकत नाही. असा माथेफिरू आपल्याकडे एकच आहे, काका.”

काकांचा चेहरा पडला. “म्हणजे ब्लॉग गेला.”

“गेला कसला? त्याच्याशी भांडायला खरी माणसं येतायत. चालू राहू दे. फक्त त्याला म्हणावं, जरा चुकायला शीक. माझ्या लक्षात आलं, उद्या वाचकांच्याही येईल.”

संध्याकाळी काका कॉम्प्युटरसमोर बसले. ‘मुर्ख’ लिहिलं, खोडलं, ‘मूर्ख’ केलं. पुन्हा खोडलं. कपाळाला घाम आला. शेवटी त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून हाक मारली, “अगं, जरा येतेस का? चार ओळी लिहून हव्यात.”

सगळं ऐकून काकूंनी पदराला हात पुसले. “जन्मभर माझ्या चुका काढल्यात, आणि आता त्याच उसन्या हव्यात होय? सरका.”

काकूंनी न अडखळता लिहिलं: ‘मुर्ख मानसा, तुझी विद्वता चूलीत घाल.’ काकांचं बोट आपोआप कीबोर्डकडे गेलं.

“हात मागे!” काकू म्हणाल्या. “आणि ‘मानसा’पुढे आणखी एखादी शिवी घालायची असेल तर सांगा. माझ्याजवळ साठा भरपूर आहे.”