गंडभेरुंडाचं दुसरं डोकं

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवासमोरही नाही. तिथे हात जोडून उभा राहतो, आणि नेमकं एवढं सोडून बाकी सगळं मनात म्हणतो. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, अक्काला तर नाहीच नाही, म्हणून असेल. धाडस वगैरे काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांपासून आहे की आमच्या मराठीत कन्नड मुरून गेलंय. पुण्याचे पाहुणे आले की आमचं बोलणं ऐकून गालात हसतात. अक्का इथल्याच, बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या एका आतल्या गल्लीत एकटीच राहते. भावजी गेले. मुलगी रूपा लग्न होऊन जवळच, दोन गल्ल्या पलीकडे. अक्काचं काम ब्लाऊजवरच्या भरतकामाचं. आधी ती हाताने भरायची. मग कंप्युटरवर चालणारी भरतकामाची मशीनं आली, हाताच्या कामाला कोणी विचारेना, तेव्हा पन्नाशी उलटलेली ही बाई हट्टाने कंप्युटरवर डिझाइन काढायला शिकली. टाका कुठून सुरू होणार, कुठे वळणार, रंग कधी बदलणार हे सगळं स्क्रीनवर आखायचं, पेन ड्राइव्हवर घालायचं आणि गल्लीच्या तोंडाशी अन्वरभाईंच्या कारखान्यात नेऊन द्यायचं. तिथलं मशीन ते रेशमावर उतरवायचं. लग्नसराईत अन्वरभाई स्वतः दारात येऊन उभे राहायचे, "अक्का, हो गया क्या?" म्हणत.

आणि मी? मी बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात कंप्युटर सांभाळतो. आमच्या ऑफिसात जेवणाच्या डब्याएवढे छोटे कंप्युटर होते, मिनी पीसी म्हणतात ते. ठणठणीत मशीनं. पण ज्या सिस्टिमवर ती चालायची तिची नवी आवृत्ती आली, आणि ती टाकायला गेलं की पडद्यावर सरळ नकार यायचा — हे मशीन चालणार नाही. ऑफिसने सगळी भंगारात काढली. मी त्यातली काही मागून घेतली.

नव्या सिस्टिमला फसवायचं कसं, हे मी शोधून काढलं. तिची तपासणी चुकवायची, आणि डिस्कवर लिहिणारा तिचा जो भाग या जुन्या मशीनवर अडायचा, त्याच्या जागी कोणीतरी बदल करून ठेवलेला दुसरा भाग बसवायचा. चाललं! झकास चाललं. मी त्याचा व्हिडिओ केला आणि इंटरनेटवर टाकला. "कंपनी म्हणते चालणार नाही, आपण चालवून दाखवू," अशी माझी सुरुवात. आज तो आवाज कानावर पडला तर ओकारी येते. शहाण्या माणसाचा, सगळं ठाऊक असलेल्याचा, खुशीत आलेला आवाज. लोक खाली लिहायचे, अण्णा ग्रेट, गुरुजी नमस्कार. मी एकेक वाचायचो, पुन्हा पुन्हा वाचायचो.

त्यातलाच एक डबा मी अक्काला बसवून दिला. तिचा जुना कंप्युटर कुरकुरत होता. तिने डब्यावर हळद-कुंकू वाहिलं आणि मला हसू आलं.

आता आईबद्दल सांगायला हवं. ते टाळता आलं असतं तर मी टाळलं असतं. शेवटच्या वर्षांत आईला विसरण्याचा आजार झाला होता. तिची सगळी सेवा अक्कानेच केली. मी सुट्टीच्या दिवशी फळं घेऊन जायचो. आईने एकदा अक्कालाच विचारलं, "बाई, तुम्ही कुणाच्या? घरी वाट बघत असतील तुमची." अक्का मोरीत जाऊन रडली. नंतर मला म्हणाली, "मोहना, मला काहीही होऊ दे. लंगडी होऊ दे, आंधळी होऊ दे. हे नको." हे ती फक्त मला म्हणाली होती. म्हणजे तिची भीती नेमकी कुठे आहे, हे जगात ज्याला पक्कं ठाऊक होतं तो माणूस मीच. तुमच्या लक्षात येतंय ना, मी कुठे चाललोय?

पहिल्यांदा जाईची एक वेल गेली. अक्काचा फोन आला, काल काढलेलं आज दिसत नाही. मी म्हणालो, सेव्ह केलं नसशील. मला खरंच तसं वाटलं होतं. मग एक किनार गेली. मग एक कोयरी अर्धीच उरली. मी वैतागून म्हणालो, अक्का, स्वल्प, जरा लक्ष देऊन काम कर गं. तोवर मला काही ठाऊक नव्हतं. तो माझा गुन्हा नव्हता — बघा, अजूनही आधी माझी धुतलेली बाजूच पुढे करतोय! याचीच तर किळस येते.

मग माझ्या व्हिडिओखाली हुबळीकडच्या एका माणसाने लिहिलं. शांतपणे, नीट समजावून. या युक्तीने मशीन "सेव्ह झालं" असं सांगतं, पण डिस्कवर लगेच लिहितच नाही. मध्ये वीज गेली की काम गायब. जुनंच काहीतरी परत दिसतं. अण्णा, लोकांना सावध करा, एवढीच त्याची विनंती. मी ऑफिसात, मागून घेतलेल्यांतल्याच दुसऱ्या डब्यावर करून पाहिलं. फाइल ठेवली, वायर उपटली, पुन्हा चालू केलं. फाइल नव्हती. पुन्हा केलं, पुन्हा नव्हती. अक्काच्या गल्लीत वीज कितीदा जाते हे मला सांगायला कोणी नको होतं.

मी काय केलं? त्या माणसाचं लिहिणं पुसून टाकलं. त्याला पुन्हा लिहिता येणार नाही अशी सोय केली. आणि चहा प्यायला गेलो.

त्याच आठवड्यात अक्काने बोलावलं. फोनवर तिचा आवाज विचित्र होता, म्हणून ऑफिस सुटल्यावर थेट गेलो. एका नवरीच्या ब्लाऊजच्या पाठीवर गंडभेरुंड हवा होता, म्हैसूरचा दोन डोक्यांचा पक्षी. कितीतरी दिवस ती त्याच्यामागे होती. स्क्रीनवर पक्षी होता. पंख होते, पिसारा होता, नख्या होत्या, डोकं मात्र एकच. दुसऱ्या बाजूला मान सुरू व्हायची तिथे नुसता कापडाचा रंग.

"दुसरं डोकं मी काढलं होतं रे," अक्का म्हणाली. "डोळ्यात लाल घातला, मग तो जास्त झाला म्हणून मरून रंगाचा केला. मला आठवतंय मोहना. मला दिसतंय ते."

अन्वरभाई दारात उभे होते. रूपाही आली होती, कडेवर तिची लेक. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मशीनमधलं कळणारा तिथे मीच. एक वाक्य पुरलं असतं. मशीन खराब आहे, चूक माझी आहे. बस्स. यापेक्षा सोपं वाक्य मराठीत असेल का?

मी खुर्ची ओढून अक्काजवळ बसलो. उगाच माउस हलवला, इकडेतिकडे बघितल्यासारखं केलं. आणि अगदी मऊ आवाजात म्हणालो, "अक्का, काढायचं असं मनात ठरवलं असशील. कधीकधी तसं वाटतं, की केलंय."

तो मऊ आवाज! ओरडलो असतो तर निदान ती भांडली असती. आईशी शेवटी ती स्वतः ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज मी तिच्यासाठी वापरला. तिने तो ओळखला. तिचा चेहरा ज्या क्षणी बदलला तो क्षण मी पाहिला. ती माझ्याकडे नाही, स्वतःच्या हातांकडे बघायला लागली.

पुढच्या रविवारी कोरमंगल्यात कंप्युटरवाल्या पोरांच्या एका मेळाव्यात मला बोलायला बोलावलं होतं, याच युक्तीवर. एका मुलीने विचारलं, यात काम वाया जाण्याचा धोका नाही ना? मी हसून म्हणालो, माझी थोरली बहीण रोज याच्यावर धंदा करते. टाळ्या पडल्या. हो, पडल्या, आणि मला बऱ्या वाटल्या.

हे सगळं झालं, तरी कबुली अजून पुढेच आहे. मी तिच्याभोवती फिरतोय, कळतंय मला.

अक्काने स्वतःच डॉक्टरांचं नाव काढलं, आईला बघणाऱ्यांचंच. रूपाला तान्हं मूल, म्हणून मीच घेऊन गेलो. डॉक्टरांनी तिला बरंच काही विचारलं. वार कोणता, राज्यं कोणती, उलटे आकडे म्हणा, घड्याळ काढा. तिने सगळं नीट केलं. घड्याळ तर इतकं रेखीव काढलं की डॉक्टर हसले. मग त्यांनी वळून मला विचारलं, घरच्यांना काय जाणवतंय? अशा आजारात घरच्यांचंच बोलणं महत्त्वाचं असतं, पेशंटला स्वतःला कळत नाही.

अक्काचा हात पर्सच्या पट्ट्यावर घट्ट होता. ती माझ्याकडे बघत होती. तिला काय हवं होतं, हे तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं. "नाही डॉक्टर, तसं काही नाही," एवढंच.

मी म्हणालो, "विसरते. न केलेलं काम केलंय असं तिला वाटतं. आणि ठामपणे वाटतं."

म्हणालो. त्या खोलीत, तिच्या शेजारी बसून. मशीन खोटं बोलतंय हे ठाऊक असताना मी माझ्या बहिणीविरुद्ध साक्ष दिली. का? त्या एका कोऱ्या जागेबद्दल आधी जे बोललो होतो ते आता मागे घेता येत नव्हतं, म्हणून? रूपा काय म्हणेल, म्हणून? व्हिडिओखालच्या त्या नमस्कारांसाठी? कुठलंही कारण हातात घेऊन बघतो, ते इतकं फडतूस निघतं की फेकून द्यावंसं वाटतं. अक्काने मान हलवली. जणू म्हणाली, बरं झालं सांगितलंस, मला जमलं नसतं. डॉक्टरांनी लिहून घेतलं. आईचा इतिहास होताच. सध्या लक्ष ठेवा म्हणाले, एक शक्तीची गोळी दिली आणि काही महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं. परतताना रिक्षात अक्का मला म्हणाली, "तुझा एक दिवस मोडला रे माझ्यापायी."

तो डबा मी लगेच उचलून नेला नाही. का, ते ऐका. लगेच नेला आणि कामं जायची थांबली, तर रूपाच्या लक्षात येईल, म्हणून. थोडे दिवस जाऊ दिले. मग साफ करतो म्हणून नेला, त्याच्यावर जुनी, त्याला चालणारी सिस्टिम टाकली आणि परत आणून ठेवला. त्यानंतर एकदाही काही गेलं नाही. रूपाच्या आग्रहाने अक्काने एक फूल काढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते जागच्या जागी होतं. "गोळीचा गुण आला वाटतं," अक्का म्हणाली. मी म्हणालो, हो, डॉक्टर चांगले आहेत.

पण काम तिने पुन्हा घेतलं नाही. लोकांच्या लग्नाचे कपडे असतात, माझ्या डोक्याच्या भरवशावर कसे सोडायचे, म्हणाली. अन्वरभाई दोनचार वेळा येऊन गेले, मग यायचे थांबले. आणि रूपाला तिने स्वतःच सांगितलं, बाळाला माझ्याकडे एकटं ठेवत जाऊ नकोस. रूपा रडली, भांडली. अक्का म्हणाली, आईने दूध गॅसवर ठेवून काय केलं होतं ते मी बघितलंय. आता रूपाची लेक पाळणाघरात जाते. अक्का संध्याकाळी तिला बघायला जाते, आणि रूपा समोर असेल तरच उचलून घेते.

पुढच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आजार वाढलेला नाही. रूपाने पेढे वाटले. मी खाल्ला.

यातलं काहीही मी कोणाला सांगितलेलं नाही. तो व्हिडिओ मी नंतर काढून टाकला. वेळ नसतो म्हणून, असं सांगितलं. अक्काशी याबद्दल आजही बोललेलो नाही. बोलणार आहे, असंही लिहीत नाही, कारण असं माझं मनात पुष्कळदा लिहून झालंय.

रविवारी तिच्याकडे जेवायला जातो. हल्ली ती कशाचीच खात्री धरत नाही. दार लावलं का, गॅस बंद केला का, रूपाचा फोन येऊन गेला का, सगळं मला विचारते. स्वतःला आठवत असलं तरी विचारते, कारण तिच्या लेखी घरात धड आठवण असलेला माणूस मी आहे. परवा पानं घेतली, सार वाढायला पळी उचलली आणि तशीच थांबली.

"मोहना, मीठ घातलं का रे मी?"

मी चाखून बघितलं. मीठ होतं, अगदी बेताचं.

"घातलंयस," मी म्हणालो.

"सरी, बरं," ती म्हणाली, आणि वाढायला लागली.