वाडीच्या पोस्टवरचा पाच-नऊ

मनोहर माझ्याशी एकदाच खोटं बोलला, आणि ते मला चाळीस वर्षांनी कळलं.

तेही तो गेल्यावर.

त्याला जाऊन आज आठवडा झाला. या ग्रुपवर बहुतेक माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांना तो माहीत असायचं काही कारण नाही. म्हणून सांगतो.

ऐंशीच्या दशकात नागपुरात आमचा हॅम रेडिओचा एक छोटासा क्लब होता. हौशी मंडळी, घरी वायरलेस सेट बनवायचे आणि जगभर गप्पा मारायच्या. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, कोणी डॉक्टर, कोणी बँकेत. मनोहर हिंगण्याच्या एका कारखान्यात मोटार वाइंडिंग करायचा. आमच्या सगळ्यांच्या सेटमधले ट्रान्सफॉर्मर त्यानेच हाताने गुंडाळलेले.

लायसन्सच्या परीक्षेसाठी त्याला मी शिकवलं. पहिलाच धडा, मोठ्या रुबाबात:

"लॉगबुकात खोटं लिहायचं नाही. जे ऐकलं, जसं ऐकलं, तसंच लिहायचं."

"लिहीन ना सर. जसंच्या तसं."

रविवारी आम्ही सेमिनरी हिल्सवर जायचो. झाडावर दोरी फेकून अँटेना ताणायची, गाडीच्या बॅटरीवर सेट चालवायचा. झाडावर कायम मनोहरच चढायचा. आम्ही खालून सूचना द्यायचो.

एका वर्षी अमरावती रोडवर सायकल रेस होती. मोबाइल नव्हतेच. कोण पडलं, कुठे डॉक्टर पाठवायचा, हे निरोप पोचवायचं काम क्लबने अंगावर घेतलं. कंट्रोल माझ्याकडे. मनोहर वाडी नाक्याच्या पोस्टवर, ट्रकांच्या गर्दीत, सायकलच्या कॅरिअरला बॅटरी बांधून.

आमच्या घरगुती सेटला एक टॉगल असायचा. वर केला की आपण बोलायचं, खाली केला की दुसऱ्याचं ऐकायचं.

मनोहरने रिपोर्ट दिला. मी "रॉजर" म्हटलं आणि टॉगल खाली करायला विसरलो.

शेजारी बसलेले दोघं त्याच्या गावाकडच्या बोलीला हसत होते. मीही हसलो.

"याला सोल्डरिंगला ठेवा रे. माइक कशाला देता? बाहेरचे लोक ऐकतील तर म्हणतील, हा क्लब आहे की वर्कशॉप!"

आणखीही बोललो. ते इथे लिहायची माझी हिंमत नाही.

तीन मिनिटांनी सेटवरचा लाल दिवा दिसला. म्हणजे आम्ही अजून हवेत होतो. प्रत्येक पोस्टवर ऐकू जात होतो.

टॉगल खाली केला. मग पुन्हा वर करून हाक मारली.

"वाडी, वाडी. मनोहर, आहेस का?"

मग त्याचा आवाज.

"हो सर. इथं गाड्याईचा लय गोंधळ आहे. मधातलं काहीच आयकू नाही आलं मले."

आणि लगेच, "पहिले तीन सायकलवाले नाक्यावरून निघाले सर."

मी विश्वास ठेवला. सोयीचा होता ना.

त्यानंतर मनोहरने माइक हातात घेतला नाही. क्लब सोडला नाही, हे विशेष. दर रविवारी टेकडीवर सगळ्यात आधी हजर, झाडावर, अँटेना बांधताना. पण ऑपरेट करायचं ते फक्त मोर्सवर, बोटाने ठोकायच्या टिंब-रेषांच्या लिपीत. एकदा मी विचारलंच, "काहून रे? माइकचं काय वाकडं आहे?"

हसला. "मले बोटानंच बरं जमते सर."

खरंच जमायचं. मोर्समध्ये त्याच्यासारखा हात नागपुरात नव्हता. कट-कट-कडकट. तिथे कोणाची भाषा गावठी नसते.

पुढे क्लब विरला. कोणी पुण्याला, कोणी मुलाकडे अमेरिकेत, कोणी वर. रोज सकाळी सातला आमच्या फ्रिक्वेन्सीवर शेवटी आम्ही दोघंच उरलो. माझी बायको गेली त्या आठवड्यातही तो रोज होता. सुरुवात त्याची ठरलेली असायची, दोन अक्षरं: जे, बी. जयभीम. मीही तेच परतवायचो. मग हवापाणी, बीपी, गुडघे.

किती सकाळी वाटलं, आज सांगून टाकू. त्या दिवशी काय बोललो ते. माफी मागू.

मग वाटायचं, त्याने ऐकलंच नाही तर उगाच कशाला? माणूस दुखावेल.

असं म्हणत चाळीस वर्षं गेली. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

काल त्याची मुलगी सुजाता घरी आली. पिशवीत मनोहरची सगळी लॉगबुकं.

"बाबा सांगून गेले होते काका, ह्या वह्या सरलेच दे म्हणून."

मी आधी ते पान शोधलं. रेसचा दिवस. त्याचं ठसठशीत अक्षर.

समोरचा आवाज किती स्वच्छ येतो ते आम्ही आकड्यांत लिहितो. पाच-नऊ म्हणजे शेजारी बसून बोलल्यासारखं.

त्याने लिहिलं होतं: वाडी नाका. अकरा दहा ते अकरा तेरा. सर. पाच-नऊ.

बाकी प्रत्येक ओळीपुढे शेरा आहे. या ओळीपुढे नाही.

माइकवर माझी लाज राखायला खोटं बोलला. लॉगमध्ये नाही बोलला. मीच शिकवलं होतं.

सुजाता विचारत होती, "काका, पाणी आणू का?"

आज सकाळी सातला सेट लावला. नुसती खरखर. दर वेळी तो आधी सुरू करायचा, म्हणून सवयीने थांबलो.

मग मीच पाठवलं. जे, बी. आणि त्यामागून ते, चाळीस वर्षं राहिलेलं. माझं चुकलं मनोहर, मला माफ कर. एकेक अक्षर, हळू. माझा हात आता संथ पडतो, त्याला ते चाललं असतं.

टॉगल खाली केला. या वेळी विसरलो नाही. चहा गार होईस्तोवर ऐकत बसलो.

येतो मनोहर. जयभीम.

माझ्या लॉगमध्ये आजची नोंद, जशीच्या तशी: सकाळी सात. हाक मारली. उत्तर नाही.