कौसाबाईंचा हात

सकाळी फोन वाजला आणि पलीकडून सुनंदा एवढंच म्हणाली, "काका, आई गेली..." तिची आई म्हणजे कौसाबाई, आदिलाबादजवळच्या जैनथच्या बाजूच्या एका सरकारी दवाखान्यातल्या आमच्या नर्सबाई. महिना होत आला, पण अजून कुणाच्या पोटावर हात ठेवला की त्या आठवतात आणि स्वतःची लाज वाटते. त्या लाजेबद्दलच लिहायला बसलोय.

हैदराबादहून डॉक्टर होऊन मी तिथे रुजू झालो तेव्हा माझं वय सव्वीस आणि डोकं आभाळात. शेतमजुराच्या घरातल्या कौसाबाई नर्सिंगचा छोटा कोर्स करून आलेल्या, त्यांना तिथे वीस वर्षं झालेली. पहिल्याच दिवशी त्यांनी मला गारद केलं. जुलाबाने सुकलेल्या एका तान्ह्या पोरीची शीर मला तीनदा टोचून सापडेना. बाईंनी डोळे मिटले, बोटाचं टोक तिच्या घोट्यापाशी फिरवलं, सुई गेली आणि सलाइन चालू! वर म्हणाल्या, "सायेब, शीर डोयानं नाई दिसत. बोटाले विचारा लागते." पोटुशी बाई आली की त्या आधी तळवे घासून ऊन करायच्या, मग पोट चाचपायच्या. डोकं कुठे, पाठ कुठे, बाळ किती वजनाचं... बाळंतपणानंतर काटा त्यांच्याच बाजूने बोलायचा. मी थक्क व्हायचो, आणि मनातून थोडा जळायचोही.

एका दुपारी पैनगंगेकाठच्या गावातली रेणुका, पहिलटकरीण, आमच्याकडे बाळंत झाली. पोरगी रडली, वारही पडली, पण रक्त थांबेना. इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, तरी ती पांढरीफटक पडत चालली. रक्त चढवायची सोय आदिलाबादलाच. तिला जीपमध्ये मागे आडवं केलं आणि बाई शेजारी गुडघ्यांवर बसल्या. एक हात आतून, एक पोटावरून, दोन्हींच्या मध्ये त्यांनी गर्भपिशवी दाबून धरली. रस्ता म्हणजे नुसते खड्डे. जीप उडायची, बाईंचं डोकं टपाला आपटायचं, हात मात्र जागचे हलत नव्हते.

अर्ध्या वाटेवर मी खालचं कापड पाहिलं. रक्त थांबलं होतं. बाईंचे दंड थरथरत होते.

"बाई, थांबलंय. हात काढा, मला पोट तपासू द्या."

"सायेब, पिशवी अजून मऊ लागून राह्यली."

"डॉक्टर मी आहे का तुम्ही? काढा!"

त्यांनी काढले. आणि क्षणात रक्ताचा लोंढाच आला... मी गोठलो. बाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात होते तिथे परत गेले आणि "रेणुके, डोये उघड, पोरगी वाट पाहून राह्यली," असं त्या आदिलाबाद येईपर्यंत बोलत राहिल्या.

रेणुका वाचली. दुसऱ्या दिवशी वॉर्डात बाईंनी माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला. "हे पाहा, नारळावानी टनक. असं लागल्याबिगर हात काढाचा नाई." एवढंच... रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गावात मात्र गवगवा झाला की नव्या डॉक्टरने रेणुकेला वाचवलं. मी ते कधी खोडून काढलं नाही. वर्षानुवर्षं लोक मला हात जोडत राहिले आणि मी मान डोलावत राहिलो.

कौसाबाईंच्या जलदान विधीला गेलो, तर एक म्हातारे गृहस्थ तेच कौतुक सांगत होते. मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि जीपमधली गोष्ट सगळ्यांदेखत सांगून टाकली. सुनंदाने मला आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं.

"काका, मले माईत हाय. आईनं तवाच सांगितलं होतं."

"मग लोकांत का बोलल्या नाहीत कधी?"

"म्हने, पोरगा नवीन हाय. त्याच्यावरचा भरोसा उडाला तर बाया दवाखान्यात येनार नाईत, घरीच मरतीन. आन् शिकते म्हने तो, हात चांगला हाय त्याचा."

भिंतीला लागून बाईंची बाज होती, गोधडीची घडी तशीच. मी तिच्या कडेला बसलो. इतकी वर्षं मीही त्याच हाताखाली होतो, आणि त्यांनी तो काढला नव्हता.