बंदुकीचे दुसरे शब्द

कोशबुवा हे नाव त्यांना कचेरीतल्यांनी दिलं होतं आणि घरच्यांनी ते हौसेनं उचललं होतं. समानार्थी शब्दांचा कोश तयार करणाऱ्या त्या कचेरीत त्यांची उभी हयात गेली. छापखान्याच्या माडीवर दोन खोल्या, खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरचे कप थरथरायचे, आणि भिंतीभर लाकडी खण, चिठ्ठ्यांनी ठासून भरलेले. एका चिठ्ठीवर एक शब्द. माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात, पण बोलण्यात समोरच्याला जेरीस आणायचा. बायकोनं "अहो, दार लावा" म्हटलं की हे बसल्या जागेवरून विचारणार, "लोटू, ओढून घेऊ, की कडी घालू?" तोवर ती बिचारी स्वतःच उठून दार लावून यायची.

कचेरीचा एक नियम होता आणि जुन्या संपादकांनी तो सगळ्यांच्या अंगात मुरवला होता. पुस्तकातून उचललेला शब्द अर्धा. ज्याचा धंदा त्याच्या तोंडून ऐकला तरच तो पुरा. आणि ऐकला की तिथल्या तिथं विचारायचं, हा शब्द तुम्ही एकटेच वापरता की तुमच्यातले सगळे? उद्यावर ढकललं की माणूस सावध होतो आणि छापील बोलायला लागतो. त्यामुळे कोशबुवांच्या खिशात कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन्सिलीचा तुकडा कायमचा. एकदा दाढ काढायला गेले असताना, तोंडात कापसाचा बोळा घेऊन, त्यांनी डॉक्टरांकडून चिमट्याची तीन नावं वदवून घेतली होती. हा किस्सा ते स्वतःच रंगवून सांगत.

त्या दिवसांत त्यांचं घोडं बंदुकीपाशी अडलं होतं. दोन नळ्यांची बंदूक, पहारेकरी खांद्याला लावून उभे असतात ती. पुस्तकांतून दुनळी मिळाली, दोननळी मिळाली, बारा बोअर, छऱ्यांची बंदूक, शिकारी बंदूक, सगळं मिळालं; पण बंदूक रोज हाताळणाऱ्याच्या तोंडचा एक शब्द सापडेल तर शपथ. खेळाच्या सामानाच्या दुकानदारानं त्यांना पिचकारी दाखवून वाटेला लावलं होतं.

अशात धाकट्या बहिणीचा फोन आला. तिचा नवरा बँकेत पहारेकरी होता. महिन्यापूर्वी, संध्याकाळी बँक बंद झाल्यावर बंदुकीतली काडतुसं काढताना बार उडाला आणि काउंटरच्या मागे फरशी पुसणाऱ्या बाई जागीच गेल्या. सकाळी बँकेचं शटर हे दोघं मिळून वर करायचे. तो त्यांना ताई म्हणायचा. चौकशी झाली, अपघात ठरला, त्याला घरी बसवलं. तेव्हापासून त्याच्या तोंडाला कुलूप होतं. हो, नाही, भूक नाही, एवढंच.

"दादा, तू येऊन बस त्यांच्यापाशी," बहीण म्हणाली. "तुला ते मानतात. तू लोकांना बोलतं करतोस. एकदा मोकळे होऊ देत, नाहीतर माझ्या हातचे जातील ते."

"उद्याच येतो," कोशबुवा म्हणाले, आणि फोन ठेवताना त्यांच्या मनात काय आलं असेल? मेहुण्यांची दुनळी. बहिणीचा रडवेला आवाज कानात असताना हे आलं. त्याची लाज त्यांना तेव्हाच वाटायला हवी होती. ती वाटायला अजून एक दिवस लागला.

दुसऱ्या दिवशी बहिणीनं दार उघडलं, डोळ्यांनीच आतली खोली दाखवली आणि स्वयंपाकघरात गेली. कुकरसुद्धा चढवला नाही तिनं, शिट्टीनं मध्येच मोडता नको म्हणून.

आत मेहुणे खाटेच्या कडेला बसले होते. गणवेशाचा शर्ट खुंटीला टांगलेला, धुऊन इस्त्री केलेला. कोशबुवा खुर्ची ओढून बसले. हवापाण्याचं झालं, गुडघेदुखीचं झालं, पलीकडून नुसत्या माना हलत होत्या. मग कोशबुवांनी विचारलं, "मेहुणे, तुमच्यात दुनळीला काय म्हणतात हो?"

खरं सांगायचं तर या प्रश्नात थोडी माया पण होती. जखमेला हळूच हात लावावा, असंही त्यांना वाटलं होतं. पण मायेचा वाटा किती आणि चिठ्ठीचा किती, हे त्यांना नंतर कधी नीट सांगता आलं नाही.

मेहुण्यांनी मान वर केली. मग म्हणाले, "जोडी."

"जोडी?"

"दोन नळ्या ना. 'माझी जोडी कुठाय' असं म्हणतो आम्ही."

महिन्याभरात एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज थांबला. कोशबुवांची पेन्सिल बाहेर आली. मग बंदूक उघडण्याला काय म्हणता? मोडणं. बार झालाच नाही तर? फुसकी गेली. मेहुणे बोलत होते, हातांनी दाखवत होते, उजवा हात हवेतला दस्ता धरत होता. कोशबुवांचे कान टवकारले होते आणि मांडीवर चिठ्ठ्या साठत होत्या. असा माल त्यांना वर्षानुवर्षांत मिळाला नव्हता.

"आणि एक लंगडी असते," मेहुणे म्हणाले. हात खाली आला.

"लंगडी?"

"एका बाजूचा घोडा धरत नाही. चाप न ओढता सुटतो. माझी लंगडीच होती, दादा."

इथं कुणीही हातातलं सगळं बाजूला ठेवलं असतं. कोशबुवांनी विचारलं, "हे सगळे म्हणतात, की तुमच्या बँकेतलेच?"

"सगळे म्हणतात," मेहुणे म्हणाले, आणि खाली बघून हळू आवाजात पुढं बोलायला लागले.

कोशबुवा लिहीत होते. लंगडी. शेजारी अर्थ. खाली, प्रत्यक्ष ऐकलेला, पहारेकऱ्यांत सर्रास. पेन्सिलीचं टोक मोडलं म्हणून त्यांनी ते नखानं कोरून काढलं. वर आवाज चालू होता, अडखळत, थांबत, पुन्हा चालू. तो थांबल्याचं त्यांच्या जरा उशिरानं लक्षात आलं. त्यांनी मान वर केली. मेहुण्यांचा चेहरा ओला होता. ते कोशबुवांकडे बघत होते, काहीतरी विचारून उत्तराची वाट बघतो तसे.

"बरं," कोशबुवा म्हणाले. "आणि काडतुसाला?"

मेहुण्यांनी तळहातानं चेहरा पुसला.

"काडतूसच," ते म्हणाले. मग पाय वर घेऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

कोशबुवांना वाटलं, दमले. चिठ्ठ्या खिशात घालून ते स्वयंपाकघरात आले. बहीण ओट्याला टेकून उभी होती, पदराचं टोक मुठीत. रडून झालेलं दिसत होतं, पण चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला.

"बोलले ना? मला आवाज येत होता. मुद्दाम नाही आले मध्ये. ताईंचं बोलले का?"

कोशबुवांनी सांगायला तोंड उघडलं. त्यांना जोडी आठवत होती, मोडणं आठवत होतं, फुसकी आठवत होती. त्यापुढचं काहीच नव्हतं. मेहुण्यांनी ताईंचं नाव घेतलं होतं का? लंगडी आहे हे कुणाला आधी सांगितलं होतं, की सांगायचं राहिलं होतं? शेवटी विचारलं ते काय होतं? अंगावर गोळी झेलल्यासारखा तो माणूस बोलत होता आणि ते वीतभर अंतरावर बसून टोक कोरत होते.

"काय म्हणाले, दादा?"

"मी... लिहीत होतो," ते म्हणाले.

बहिणीला आधी कळलं नाही. मग तिची नजर त्यांच्या फुगलेल्या खिशावर गेली. तिनं हात लांबवून कुकर पुढ्यात ओढला. तिनं दोन लगावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. आजवर कोणापुढे मान खाली घालायची वेळ आली नव्हती. आता धाकट्या बहिणीपुढे ती वर होईना.

ते परत आत गेले. खाटेपाशी उभे राहिले. 

"मेहुणे," ते म्हणाले, "मघाशी तुम्ही शेवटी जे बोललात ना, ते माझ्याकडून ऐकायचं राहिलं. माझं चुकलं. पुन्हा सांगता का? मी खिशात हात घालणार नाही."

खाट करकरली. मग मेहुणे वळले. रागावलेले नव्हते, आणि तेच कोशबुवांना सोसवेना.

"तुम्ही गप्प होतात," मेहुणे म्हणाले, "मला वाटलं ऐकून घेताय. म्हणून तर सगळं सांगितलं. आता नाही जमायचं, दादा."