देवधर साहेबांच्या मीटिंगा

ज्याला मिनिट्स म्हणतात, ते लिहायला तासन् तास लागतात! पंचावन्न-छप्पनच्या सुमारास पिंपरीतल्या एका नव्या कारखान्यात मी स्टेनो होतो. वहीत ठराव जायचे. उरलेलं सगळं माझ्या डोक्यात साठत गेलं.

आमचे वर्क्स मॅनेजर देवधर साहेब विलायतेहून शिकून आलेले. 'मीटिंग अर्ध्या तासात संपलीच पाहिजे' हा त्यांचा ध्यास.

* * *

पहिला उपाय म्हणून साहेबांनी खुर्च्याच काढल्या. उभं राहून माणूस कमी बोलतो म्हणे! पहिली मीटिंग बारा मिनिटांत आटोपली. साहेब खूश.

पुढच्या वेळी स्टोअरकीपर परब एक लाकडी खोकं घेऊन आले. त्याच्या पुढच्या वेळी सगळेच खोक्यांवर. चौथ्या मीटिंगला दीड तास झाला, तेव्हा एकटे उभे असलेले साहेब हळूच म्हणाले, "परब, अजून एक खोकं असेल का हो?"

* * *

मग नियम निघाला. प्रत्येकानं दोनच मिनिटं बोलायचं, नंतर शिपाई घंटा वाजवणार. फोरमन पवार बोलायला उठले. दोन मिनिटं झाली. ठण्ण!

शेजारच्या वर्कशॉपमध्ये सगळी मशीनं बंद. लोक डबे, सायकली घेऊन गेटवर! पवारांचं भाषण आवरलं, पण शिफ्ट तासभर आधी सुटली.

* * *

एकदा साहेब मला म्हणाले, "इतकं लांबण लावू नका. जे झालं तेवढंच लिहा."

मी लिहिलं : 'चर्चा झाली. चहा झाला.'

साहेबांनी वाचलं, चष्मा काढला. "यातलं पहिलं वाक्य खोडा."

* * *

एका एप्रिलमध्ये मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. नदीवरचा पंप कोरडा पडला. प्यायला पाणी नाही, तर सोमवारपासून काम नाही, असं कामगारांनी सांगून टाकलं. विहीर कुठं खणायची, यावर तीन मीटिंगा झाल्या. इंजिनियर म्हणे गेटपाशी, परब म्हणे कँटीनमागं. नकाशावर पेन्सिलीच्या रेघांचं जाळं झालं.

मीटिंगांना बसणाऱ्या कमिटीवर धोंडिबा नावाचा कामगार होता. कारखाना उभा राहिला ती जमीन मूळची त्याच्याच घरची. तिन्ही मीटिंगांत तो गप्प. चौथ्या मीटिंगला साहेब वैतागले.

"धोंडिबा, तुम्ही तर इथले. एक शब्द बोलत नाही!"

"इचारलं कुनी?"

"बरं, आता विचारतो. पाणी कुठं लागेल?"

धोंडिबा उठला. "ह्ये टेबल जरा सरकवा, राव."

चौघांनी टेबल सरकवलं. धोंडिबानं मधल्या फरशीवर टाच आपटली.

"हितं आमची हीर हाय, सायेब. बारा म्हयने पानी. मीटिंगची खोली बांदायला तुमीच बुजवली."